दुर्बिणीच्या तपासणीसाठी गुंगीचे औषध: पहिल्यांदाच जाणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

पोटाची किंवा आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘भूल देणार का?’ हाच. त्या प्रश्नामागे दोन उलट भीती असतात. कोणाला वाटते की जागेपणी घशातून नळी जाणे आपल्याला सोसवणार नाही, आणि कोणाला वाटते की एकदा डोळे मिटले की ते पुन्हा उघडतीलच याची खात्री काय. दोन्ही भीती रास्त आहेत आणि दोन्हींवर उपाय आहेत. पण ते उपाय तपासणीच्या दिवशी टेबलावर झोपल्यानंतर नव्हे, तर त्याआधीच्या आठवड्यात करायचे असतात.

हा लेख गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोठूनही गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), जिल्हा रुग्णालयात किंवा खासगी रुग्णालयात पहिल्यांदाच या तपासणीला जाणाऱ्यांसाठी लिहिला आहे. यात औषधांची नावे आणि काही ठिकाणी प्रमाणही दिले आहे. डॉक्टर बोलत असताना ते शब्द ओळखीचे वाटावेत आणि आपल्याला नेमका प्रश्न विचारता यावा, एवढाच त्यामागचा हेतू आहे; प्रमाण ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगतो: ‘सर्वांत सुरक्षित औषध कोणते?’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. रुग्णाने आधी काय सांगितले, त्याचे पोट खरोखर रिकामे होते का, आणि गुंगी चढलेली असताना त्याच्या श्वासाकडे पाहण्यासाठी एक वेगळा माणूस उभा होता का, यांवर सुरक्षितता औषधाच्या नावापेक्षा अधिक अवलंबून असते.

पहिली पायरी: गुंगी हवीच आहे का, हे ठरवणे

तोंडातून जठरापर्यंत जाणारी साधी तपासणी, जिला गॅस्ट्रोस्कोपी म्हणतात, बहुतेक वेळा पाच ते दहा मिनिटांत संपते. तिच्यासाठी घशात लिग्नोकेनचा फवारा मारून केवळ घसा बधिर करणे हा एक पूर्ण आणि सन्मान्य मार्ग आहे. हा फवारा कडवट लागतो, जीभ जाड झाल्यासारखी वाटते आणि गिळताना काहीच कळत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नये. श्वास चालूच असतो, फक्त घशाची जाणीव गेलेली असते. नळी आत असताना लाळ गिळण्याचा प्रयत्न न करता ती तोंडाच्या कडेने वाहू द्यावी, हनुवटी छातीकडे किंचित झुकवावी आणि नाकाने सावकाश श्वास घेत राहावे. उमाळे येतात, डोळ्यांतून पाणी येते, पण बहुतेकांना ते थोडा वेळ सहन करता येते. याचा मोठा लाभ असा, की श्वासाचा धोका जवळजवळ राहत नाही आणि घशाची बधिरता उतरली की रुग्ण पूर्ण शुद्धीवर आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो.

ज्यांना अतिशय भीती वाटते, ज्यांना दात घासतानाही उमाळे येतात, किंवा ज्यांचा पूर्वीचा अनुभव वाईट आहे, त्यांनी मात्र संकोच न बाळगता गुंगी मागावी. धीट असल्याचे दाखवण्याची ही जागा नव्हे. रुग्ण हात-पाय झाडत राहिला तर डॉक्टरांना नीट पाहता येत नाही, आणि अर्धवट झालेली तपासणी पुन्हा करावी लागते.

गुदद्वारातून मोठ्या आतड्याची तपासणी करतात, ती कोलोनोस्कोपी, अधिक वेळ चालते. आतड्याच्या वळणांतून दुर्बीण पुढे सरकवताना आणि हवा भरताना पोटात कळा येतात, म्हणून तिथे बहुधा गुंगी आणि वेदनाशामक दोन्ही देतात. पित्तनलिकेतला खडा काढण्यासाठी करतात ती ईआरसीपी तर लांबच लांब चालणारी आणि रुग्णाने अगदी स्थिर राहणे आवश्यक असलेली प्रक्रिया आहे. तिच्यासाठी खोल गुंगी किंवा पूर्ण भूल लागते आणि भूलतज्ज्ञ उपस्थित असणे गरजेचे असते.

दुसरी पायरी: गुंगी किती खोल, हे समजून घेणे

गुंगी आणि भूल या एकाच उताराच्या वरच्या आणि खालच्या जागा आहेत. वैद्यकात त्याचे चार टप्पे मानतात. पहिल्यात मन फक्त शांत होते आणि रुग्ण नेहमीसारखा बोलतो. दुसऱ्यात तो पेंगतो, पण नावाने हाक मारली किंवा खांद्याला हलका स्पर्श केला की डोळे उघडतो, सांगितलेले करतो, आणि त्याचा श्वास स्वतःचा स्वतः चालू असतो. तिसऱ्यात त्याला जागे करायला पुन्हा पुन्हा हलवावे किंवा चिमटा काढावा लागतो, आणि श्वासनलिका मोकळी ठेवायला कोणाची तरी मदत लागू शकते. चौथा टप्पा म्हणजे पूर्ण भूल. त्यात वेदना देऊनही जाग येत नाही आणि श्वासाची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी लागते.

अडचण अशी, की या टप्प्यांमध्ये भिंती नसतात. एकाच प्रमाणात दिलेले औषध एकाला दुसऱ्या टप्प्यावर ठेवते आणि दुसऱ्याला, विशेषतः वयस्कर आणि कृश माणसाला, नकळत तिसऱ्यावर नेते. म्हणूनच जो डॉक्टर ज्या टप्प्यापर्यंत गुंगी देणार आहे, त्याला किंवा त्याच्या सोबतच्या माणसाला त्याच्या पुढच्या टप्प्यातून रुग्णाला सावरता आले पाहिजे, असा या क्षेत्रातला नियम आहे. ‘मला किती खोल गुंगी देणार आहात?’ हा प्रश्न ‘कोणते इंजेक्शन देणार?’ या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

तिसरी पायरी: औषधांची ओळख

मिडाझोलाम हे भारतातल्या एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीच्या, कक्षांत सर्रास वापरले जाणारे औषध आहे. ते शिरेतून दिल्यावर एक-दोन मिनिटांत लागू पडू लागते, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आणखी काही मिनिटे लागतात, आणि तो अर्धा तास ते तासाहून अधिक टिकतो. ते वेदना कमी करत नाही. ते चिंता घालवते आणि त्या वेळेतल्या घटनांची आठवण पुसट करते. कित्येक रुग्ण नंतर शपथेवर सांगतात की आपण पूर्ण झोपलो होतो, पण प्रत्यक्षात ते डॉक्टरांशी बोलत असतात. निरोगी प्रौढाला सुरुवातीला एक ते अडीच मिलिग्रॅम एवढेच, तेही सावकाश देतात, आणि पुढचा थोडा भाग देण्यापूर्वी दोन मिनिटे तरी थांबतात. साठीच्या पुढच्या रुग्णाला पहिल्या वेळी दीड मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी सूचना आहे. या थांबण्यामागे कटू इतिहास आहे. १९८५ मध्ये हे औषध अमेरिकेत आले तेव्हा ते त्याच गटातल्या जुन्या डायझेपाम या औषधापेक्षा किती प्रभावी आहे याचा अंदाज न आल्याने भराभर आणि जास्त प्रमाणात दिले गेले, श्वास थांबून मृत्यू झाले, आणि त्यानंतर सूचनापत्रातले प्रमाण खाली आणून ठळक इशारा छापावा लागला. आजही या औषधाने होणारे बहुतेक अपघात घाईचेच असतात. काही थोड्या रुग्णांत, विशेषतः मुलांत आणि म्हाताऱ्यांत, ते उलटेच वागते: माणूस शांत होण्याऐवजी बडबडतो, उठून बसू पाहतो. त्यावर आणखी मिडाझोलाम देणे हा उपाय नसतो.

त्याच्या जोडीला वेदनेसाठी फेंटानिल देतात. तेही एक-दोन मिनिटांत लागू होते आणि अर्ध्या ते एक तासात उतरते. ही दोन औषधे एकत्र आली की त्यांचा श्वासावरचा परिणाम नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो, म्हणून जोडीने देताना दोघांचेही प्रमाण कमी करावे लागते. पूर्वी फेंटानिलच्या जागी पेथिडिन देत असत आणि काही ठिकाणी अजूनही देतात. ते चढायलाही वेळ लावते आणि एक ते तीन तास रेंगाळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शरीरात त्याचे जे रूपांतर होते तो पदार्थ मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडे दुबळी असतील तर तो साचून झटके येऊ शकतात. मनोविकाराच्या काही जुन्या गोळ्यांबरोबरही पेथिडिन घातक ठरते. घरातल्या रुग्णाचे डायलिसिस चालू असेल तर ‘पेथिडिन देऊ नका’ हे वाक्य फाइलीवर आधीच लिहून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन्ही गटांच्या औषधांना उतारा आहे, हा त्यांचा मोठा गुण. मिडाझोलामला फ्लुमाझेनिल आणि फेंटानिल-पेथिडिनला नॅलोक्सोन. पण हे उतारे मूळ औषधापेक्षा लवकर संपू शकतात. उतारा दिल्यावर रुग्ण टक्क जागा होतो, नातेवाइकांना वाटते की झाले, आता घरी जाऊ, आणि काही वेळाने तो पुन्हा गुंगीत जातो. म्हणून उतारा द्यावा लागलेल्या रुग्णाला नेहमीपेक्षा जास्त वेळ, साधारण दोन तास तरी, देखरेखीखाली ठेवावे लागते. ज्यांना वर्षानुवर्षे झोपेच्या गोळ्यांची सवय आहे त्यांना फ्लुमाझेनिलने झटका येऊ शकतो. तेव्हा त्या गोळ्या लपवून ठेवण्यात शहाणपण नाही.

प्रोपोफोल म्हणजे ते दुधासारखे पांढरे इंजेक्शन. १९८६ पासून ते वापरात आहे. अर्ध्या-एक मिनिटात झोप लागते, एका मात्रेचा परिणाम चार ते आठ मिनिटांत ओसरतो, आणि जाग आल्यावर डोके बरेच हलके असते. रुग्णांना ते आवडते, डॉक्टरांनाही आवडते, आणि लांबलेल्या प्रक्रियेत ते खरोखरच सोयीचे असते. परंतु त्याला उतारा नाही. थोडे जास्त झाले की श्वास थांबतो आणि रक्तदाब खाली येतो, आणि अशा वेळी औषध उतरेपर्यंत रुग्णाला मास्कने किंवा नळीने श्वास देत राहणे हाच मार्ग उरतो. म्हणून प्रोपोफोल देणार असतील तर ते कोण देणार, हे विचारणे रुग्णाचा हक्क आहे. माझ्या मते त्याचे उत्तर ‘भूलतज्ज्ञ’ हेच असावे, आणि तो भूलतज्ज्ञ त्याच खोलीत असावा, बाजूच्या शस्त्रक्रियागृहात नव्हे. हे इंजेक्शन शिरेत जाताना हात झोंबतो, ते साहजिक आहे. त्यात सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातला एक घटक असतो. अंड्याची साधी अॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालते, पण अॅलर्जी तीव्र असेल तर ते आधी सांगावे.

केटामाइन लहान मुलांसाठी उपयोगी पडते, कारण त्याने श्वास सहसा दबत नाही आणि वेदनाही जाते; मात्र लाळ वाढते आणि उतरताना भास होऊ शकतात. डेक्समेडेटोमिडिनने नैसर्गिक झोपेसारखी गुंगी येते आणि श्वास फारसा मंदावत नाही, पण नाडी आणि रक्तदाब उतरतात.

चौथी पायरी: आपले शरीर आणि आपली औषधे डॉक्टरांसमोर मांडणे

डॉक्टरांच्या भेटीला जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत, अगदी वैद्यांचे काढे आणि औषधांच्या दुकानातून स्वतः आणलेल्या झोपेच्या गोळ्यांसह. एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही जंतुनाशके, बुरशीवरच्या काही गोळ्या, आणि रक्तदाबासाठीचे डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल यांच्यामुळे मिडाझोलाम शरीरात जास्त वेळ राहते. मधुमेहासाठी किंवा वजन कमी करण्यासाठी आठवड्याला सेमाग्लुटाइड वा टिर्झेपाटाइडचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे जठर सावकाश रिकामे होते, आणि त्यामुळे उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी रक्तातले आम्ल वाढवू शकतात, म्हणून त्या सहसा तीन दिवस आधी थांबवायला सांगतात. इन्सुलिनचे त्या सकाळचे प्रमाण बदलावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत; स्टेंट बसवलेल्या रुग्णात असे केल्यास तपासणीपेक्षा मोठे संकट ओढवते.

घोरण्याबद्दल विचारले की आपल्याकडे माणसे हसून विषय टाळतात. हसू नका. जो माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबून दचकून उठतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याच्या घशाचे स्नायू गुंगीत आणखी सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. हे त्याला स्वतःला ठाऊक नसते, त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून पत्नीने किंवा पतीने सोबत जाऊन हे सांगावे.

दारूबद्दलही तसेच. गोव्यात जेवणाबरोबर फेणी घेणे अनेक घरांत रोजचे आहे, आणि हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत तर प्रमाण वाढते. रोज घेणाऱ्याला नेहमीच्या मात्रेत गुंगी येत नाही, उलट तो अस्वस्थ होतो, मग मात्रा वाढवत नेली जाते आणि एका क्षणी ती एकदम जास्त होते. कितीही नियमित पीत असलात तरी खरा आकडा सांगा. डॉक्टर तो तुम्हाला बोल लावण्यासाठी विचारत नाहीत. आदल्या रात्री आणि तपासणीच्या दिवशी दारू नकोच. मात्र वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न सांगता ती एकाएकी तोडणेही धोक्याचे असते.

यकृताचा सिरॉसिस असलेल्या रुग्णांत मिडाझोलाम फार काळ रेंगाळते आणि त्यांच्या मेंदूवर आधीच असलेला विषारी द्रव्यांचा परिणाम वाढवून त्यांना बेशुद्धीकडे नेऊ शकते. रक्ताच्या उलट्या थांबवण्यासाठी अशाच रुग्णांची दुर्बीण तातडीने करावी लागते, हे विशेष लक्षात घ्यावे. त्यांच्यासाठी लवकर उतरणारे प्रोपोफोल भूलतज्ज्ञाच्या हातून देणे अधिक योग्य ठरते, आणि उलट्या चालूच असतील तर गुंगीआधी श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुसे सुरक्षित करावी लागतात. दम्याच्या आणि फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या रुग्णांनी सकाळचा इनहेलर चुकवू नये व तो सोबत न्यावा. गरोदर स्त्रियांची तपासणी शक्य असल्यास पुढे ढकलतात. अंगावर पाजणाऱ्या मातेने हे आधी सांगितले तर औषध त्यानुसार निवडता येते आणि किती वेळाने पाजावे ते ठरवून दिले जाते.

पाचवी पायरी: पोट रिकामे ठेवणे

गुंगीत घशाचा ठसका दबतो. जठरातले अन्न वर आले तर ते श्वासनलिकेत जाते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो. सर्वमान्य नियम असा आहे की हलके जेवण सहा तास आधी, तळलेले किंवा मांस-मासळीचे जड जेवण आठ तास आधी, आणि निव्वळ स्वच्छ पाणी दोन तास आधी थांबवावे. दूध हे अन्नात मोडते. आपल्या रुग्णालयाने यापेक्षा कडक सूचना दिली असेल तर तीच पाळावी.

सूचना पाळताना घोळ होतो तो इथे. उपवासाच्या दिवशी चालणारी साबुदाण्याची खिचडी, केळी आणि दूध या तपासणीसाठी पूर्ण जेवणच आहे. पेज पाण्यासारखी पातळ दिसली तरी तीत भात असतो. सोलकढीत नारळाचे दूध असते, म्हणून ती वर्ज्य. चालतो तो कोरा चहा, साधे पाणी, शहाळ्याचे गाळलेले पाणी. कोलोनोस्कोपीसाठी आणखी एक पथ्य आहे: कोकम सरबत किंवा कोणतेही लाल, जांभळे पेय आदल्या दिवशी घेऊ नये, कारण आतड्यात राहिलेला रंग रक्तासारखा दिसतो.

कोलोनोस्कोपीआधी आतडे धुण्यासाठी जे औषध लिटरभर पाण्यात मिसळून प्यावे लागते, त्याने रात्रभर जुलाब होतात. एप्रिल-मे महिन्यांतल्या गोव्याच्या उकाड्यात म्हातारे माणूस त्याने पार सुकून जाते, आणि सुकलेल्या शरीराला गुंगीचे औषध दिले की रक्तदाब धाडकन खाली येतो. हे टाळायचे असेल तर ठरवून दिलेल्या वेळेपर्यंत चालणारी पेये भरपूर घ्यावीत, सत्तरी किंवा काणकोणहून लांबचा प्रवास असेल तर उन्हाच्या आत निघावे, आणि चक्कर येत असल्यास टेबलावर चढण्याआधी सांगावे, म्हणजे सलाइन लावता येते. वयस्कर रुग्णांसाठी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी.

सहावी पायरी: तपासणीच्या खोलीत

नखांचा रंग आदल्या दिवशीच काढावा, आणि बोटांच्या टोकांना गडद मेंदी असल्यास तसे सांगावे. प्राणवायू मोजणारा चिमटा बोटाला लावतात आणि गडद रंगामुळे त्याचा आकडा चुकू शकतो. कवळी काढून ठेवावी, हलणारा दात दाखवावा. संमतीपत्र समजेल अशा भाषेत वाचून घ्यावे किंवा वाचून दाखवायला सांगावे, आणि सही गुंगीआधीच करावी.

टेबलावर डाव्या कुशीवर झोपवल्यानंतर खोलीत काय दिसले पाहिजे, हे रुग्णापेक्षा सोबतच्या माणसाने आधी विचारून घ्यावे. शिरेत सुई लावलेली असावी आणि ती रुग्ण पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तशीच राहावी. प्राणवायूचे प्रमाण आणि नाडी सतत, व रक्तदाब दर पाच मिनिटांनी मोजला जावा. नाकाला प्राणवायूची नळी असावी. श्वास देण्याची पिशवी व मास्क, तोंडातली लाळ ओढून घेणारे यंत्र, आणि वर सांगितलेले उतारे हाताशी असावेत.

यातला एक बारकावा अनेकांना ठाऊक नसतो. नाकातून प्राणवायू चालू असताना श्वास थांबला तरी चिमट्यावरचा आकडा काही काळ चांगलाच दिसतो, कारण शरीरातला साठा हळूहळू संपतो. आकडा घसरू लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून खोल गुंगीत बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, कॅप्नोग्राफ, लावतात. श्वास थांबल्याबरोबर त्याच्यावरची रेघ सपाट होते. ते नसेल तिथे रुग्णाच्या छातीवर नजर ठेवणारा माणूस हाच कॅप्नोग्राफ. दुर्बीण धरलेल्या डॉक्टरचे डोळे पडद्यावर असतात, ते एकाच वेळी छातीवर असू शकत नाहीत. ‘तपासणी चालू असताना रुग्णाच्या श्वासाकडे कोण पाहणार?’ एवढे एकच वाक्य विचारायचे ठरवले असेल, तर ते हे विचारा. चांगल्या कक्षात या प्रश्नाने कोणी दुखावत नाही. एखाद्या परिचारिकेकडे बोट दाखवून ‘ही पाहणार, आणि तिला दुसरे काम नसेल’ असे उत्तर मिळते.

सातवी पायरी: जाग आल्यानंतर घरापर्यंत

गुंगीतून उठलेला माणूस बोलतो, हसतो, चहा मागतो, आणि त्यामुळे तो पूर्ण सावध झाला असे वाटते. त्याची निर्णयशक्ती आणि हातापायांचा वेग अजून परतलेला नसतो. घशात फवारा मारला असेल तर तासभर काही देऊ नये, आणि नंतरही प्रथम घोटभर पाणी देऊन ठसका लागत नाही ना ते पाहावे.

घरी सोडताना सोबत जबाबदार प्रौढ माणूस असलाच पाहिजे. नसेल तर काही रुग्णालये गुंगी द्यायचेच नाकारतात, आणि ते योग्यच करतात. चोवीस तास स्कूटर, गाडी किंवा होडी चालवू नये. गोव्यात घरोघरी दुचाकी असल्याने मुलाच्या मागे बसून किंवा पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटारसायकलवरून परतण्याचा मोह होतो, पण पेंगणारा माणूस मागच्या सीटवरून पडतो. चारचाकीचीच व्यवस्था करावी. त्याच चोवीस तासांत दारू नको, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, चुलीजवळचे किंवा कोयत्याचे काम नको, आणि जमिनीच्या, बँकेच्या वा कोणत्याही कागदपत्रांवर सही नको. डॉक्टरांनी सांगितलेला निष्कर्ष मिडाझोलाममुळे रुग्णाच्या लक्षात राहणार नाही, म्हणून तो सोबतच्याने ऐकावा आणि लिहून घ्यावा. पहिली रात्र रुग्णाने एकट्याने काढू नये.

पोट थोडे फुगणे, घसा खवखवणे, सुई टोचलेल्या जागी दुखणे हे एक-दोन दिवसांत जाते. पण पोटात वाढत जाणारी तीव्र वेदना, पोट फळीसारखे घट्ट होणे, छातीत किंवा मानेत दुखणे, ताप, दम लागणे, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी किंवा रक्ताळ शौच, अथवा हाक मारूनही नीट जागा न होणारा रुग्ण, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

सर्व सुरळीत पार पडले तरी एक कागद मागून घ्यायचा राहू नये. कोणते औषध, किती दिले, त्याने काय झाले, रक्तदाब किंवा श्वास कधी घसरला का, उतारा लागला का, हे कक्षाच्या नोंदीत लिहिलेले असते. त्याची प्रत किंवा निदान हाताने लिहिलेली चार ओळींची टीप मागून ती फाइलीत सर्वांत वर लावावी. पुढच्या वेळी तपासणी दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या डॉक्टरांकडे झाली, तरी त्या भूलतज्ज्ञाला पहिल्या मात्रेचा अंदाज त्या कागदावरूनच बांधता येईल.